अपस्माराची (एपिलेप्सीची) फिट ओळखणारे पट्टे, सेन्सर आणि ॲप्स: घेण्याआधी एवढं वाचा

माझ्या धाकट्या भावाला झोपेत मोठ्या फिट्स येतात, म्हणजे आधी अंग ताठ होतं आणि मग हातपाय जोरजोरात झटकले जातात, आणि त्यापायी गेल्या काही वर्षांत आमच्या घरात मनगटाचा पट्टा, दंडाचा पट्टा, गादीखालचा सेन्सर आणि मोबाईलवरचं फुकट ॲप असं जवळजवळ सगळं वापरून झालंय. कुणी ना कुणी सारखं विचारतं की यातलं काय घेऊ, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. आमच्या घरातल्या वस्तूंची नावं मुद्दाम लिहीत नाहीये, कारण ज्या त्रुटी सांगणार आहे त्या त्या प्रकारच्या बहुतेक यंत्रांत असतात, एका कंपनीच्या नाहीत. जिथे नाव घेतलंय तिथे त्या यंत्रावर झालेल्या अभ्यासाबद्दल बोलतेय.

पहिली गोष्ट. सगळे जण विचारतात की किती टक्के फिट्स पकडतं. तो प्रश्न नंतर विचारा. आधी हे ठरवा की अलार्म वाजला तर पाच मिनिटांच्या आत माणसाजवळ कोण पोचणार. हे माझ्या मनाचं नाही, आयएलएई ही अपस्मारावर काम करणारी जागतिक संघटना आणि क्लिनिकल न्यूरोफिजिऑलॉजीची आंतरराष्ट्रीय संघटना या दोघींनी मिळून २०२१ मध्ये अंगावर घालायच्या यंत्रांबद्दल जे मार्गदर्शन दिलं त्यात हेच आहे, की तपासून सिद्ध झालेली यंत्रं मोठ्या टॉनिक-क्लोनिक (आधी ताठ, मग झटके) फिट्ससाठी वापरावीत, विशेषतः जिथे माणूस एकटा असतो किंवा झोपताना जवळ कुणी नसतं, पण अलार्मनंतर पाच मिनिटांत कुणीतरी मदतीला येऊ शकत असेल तर. बाकीच्या प्रकारच्या फिट्ससाठी तेव्हा त्यांनी शिफारस केलेली नाही. हे वाक्य विकणारे सांगत नाहीत, म्हणून मी सांगतेय.

पाच मिनिटं का, तर सुडेप. अपस्मार असलेल्या माणसाचा अचानक, दुसरं कुठलंही कारण न सापडता होणारा मृत्यू. मोठ्या माणसांमध्ये वर्षाला साधारण १००० जणांमागे १ आणि लहान मुलांमध्ये ४५०० जणांमागे १ असं प्रमाण २०१७ च्या अमेरिकन गाइडलाइनमध्ये दिलंय. हॉस्पिटलमध्ये व्हिडिओ ईईजी (मेंदूतल्या विजेची नोंद आणि सोबत व्हिडिओ) चालू असताना असे मृत्यू झाले त्यांचा अभ्यास २०१३ मध्ये आला होता, त्यात दिसलं की मोठी फिट संपल्यावर पहिल्या काही मिनिटांतच श्वास आणि हृदय बिघडतं, आणि बहुतेक घटना रात्रीच्या. म्हणून रात्री कुणीतरी जवळ येऊन कुशीवर वळवणं, हलवणं, श्वास बघणं याला एवढी किंमत आहे. अर्थात कुठल्याही पट्ट्याने सुडेप टळतो असं अजून सिद्ध झालेलं नाही, त्यामुळे जाहिरातीत कुणी तसा दावा करत असेल तर तिथेच थांबा.

आता मनगटाचा पट्टा. आमच्याकडे सगळ्यात जास्त वापरला गेला तो हा. आत दोन प्रकारचे सेन्सर असतात, एक हालचाल मोजणारा आणि एक कातडीतून वीज किती सहज वाहते ते मोजणारा, म्हणजे घामाच्या ग्रंथी किती चेतल्यात ते. मोठ्या फिटमध्ये शरीरातली घाबरल्यावर जी यंत्रणा जागी होते तीच जबरदस्त उसळते आणि ते कातडीवर दिसतं. एमआयटीच्या रोझालिंड पिकार्ड यांच्या टीमने बॉस्टनच्या डॉक्टरांबरोबर २०१२ मध्ये दाखवलं होतं की ही उसळी जितकी मोठी तितका फिटनंतर मेंदूचा ईईजी जास्त वेळ सपाट राहतो. त्यातूनच पुढे एम्पॅटिका कंपनीचा एम्ब्रेस पट्टा आला आणि २०१८ मध्ये त्याला अमेरिकेच्या एफडीएची (औषधं आणि वैद्यकीय उपकरणं तपासणारी सरकारी संस्था) परवानगी मिळाली, आधी मोठ्यांसाठी आणि नंतर ६ वर्षांपुढच्या मुलांसाठी. त्याच टीमच्या २०१७ च्या अभ्यासात हालचाल आणि कातडी दोन्ही मिळून बघणाऱ्या पद्धतीने सुमारे ९५ टक्के मोठ्या फिट्स पकडल्या आणि खोटे अलार्म दिवसाला ०.२.

०.२ ऐकायला किती छोटं वाटतं ना. पण गणित करून बघा. पाच दिवसांत एक खोटा अलार्म, म्हणजे महिन्यात सहा. ज्याला महिन्यातून एकदाच फिट येते त्याच्या घरी सातपैकी सहा अलार्म खोटे. आणि ज्याला आठवड्यात दोन-तीन फिट्स येतात त्याच्या घरी तोच पट्टा एकदम भरवशाचा वाटेल, कारण खरे अलार्म जास्त. म्हणजे यंत्र तेच, पण एकाच्या रिव्ह्यूत पाच स्टार आणि दुसऱ्याच्या रिव्ह्यूत एक, आणि दोघंही खरंच बोलतायत. म्हणून दुसऱ्याचे स्टार बघून घेऊ नका, आपल्याकडे किती वेळा फिट येते ते आधी बघा.

प्रत्यक्षात खोटे अलार्म कधी वाजतात तर दात घासताना (हा तर ठरलेला, मनगट त्याच तालात हलतं), टाळ्या वाजवताना, फडक्याने काही घासताना, पत्ते पिसताना. भाऊ दिवसा कंटाळून पट्टा काढूनच ठेवायला लागला आणि मला ते पटतं, चारचौघांत मनगट कोकलायला लागलं की कुणालाही नको होतं. बहुतेक ॲप्समध्ये अलार्म कॅन्सल करायला काही सेकंद मिळतात पण ते बटण दाबायचं भान राहिलं पाहिजे. शेवटी आम्ही ठरवलं की पट्टा रात्री आणि आंघोळीच्या वेळी (वॉटरप्रूफ आहे का ते बघून) आणि एकटा असेल तेव्हा. एवढं ठरवल्यावर कटकट निम्मी झाली.

खरी फिट येते तेव्हा काय होतं तेही सांगते कारण डेमो व्हिडिओत ते नसतं. सुरुवातीला अंग ताठ होतं, तोंडातून एक विचित्र आवाज निघतो, त्या वेळी हात जवळजवळ स्थिर असतो, त्यामुळे हालचालीवर चालणारं यंत्र तेव्हा गप्पच असतं. झटके सुरू झाले, ताल पकडला, मग ते मोजायला लागतं, मग फोनला सांगतं, मग फोन मला. म्हणजे मी खोलीत पोचते तेव्हा फिट मध्यावर आलेली असते. हे पहिल्यांदा कळल्यावर मला वाईट वाटलं होतं, पण नीट विचार केला तर फिट थांबवायला मी जातच नाहीये, ती माझ्याने थांबणारही नाही. मी जाते ते उशी बाजूला करायला, कुशीवर वळवायला, घड्याळ बघायला, लाळ बाहेर पडू द्यायला आणि झटके थांबल्यावर घोरल्यासारखा श्वास नीट चालू होतोय का, ओठांचा रंग परत येतोय का ते बघायला. तोंडात काही घालायचं नाही, दाबून धरायचं नाही, पाच मिनिटांच्या वर गेली तर ॲम्ब्युलन्स. या सगळ्याला पट्ट्याचा उशीर चालतो. जो म्हणतो की आमचं यंत्र फिट सुरू व्हायच्या आधी सांगतं त्याच्याकडे मी नंतर येते.

दंडाचा पट्टा. हा फक्त रात्रीसाठी, आणि माझं प्रामाणिक मत विचाराल तर रात्रीच्या फिट्ससाठी हाच सगळ्यात बरा प्रकार. यात हृदयाचे ठोके आणि हालचाल दोन्ही बघतात आणि मुख्य म्हणजे फोनऐवजी दुसऱ्या खोलीत ठेवायचा एक स्वतंत्र डबा असतो तो वाजतो. नेदरलँड्समधल्या नाइटवॉच नावाच्या अशा यंत्राचा अभ्यास २०१८ मध्ये न्यूरॉलॉजी या जर्नलमध्ये आला, निवासी संस्थेत राहणारे २८ जण, गंभीर फिट्स पकडण्याचं प्रमाण ८६ टक्के, आणि त्याच लोकांच्या त्याच रात्रींत गादीखालचा सेन्सर फक्त २१ टक्के. पुन्हा वाचा, २१. जवळजवळ अर्धे अलार्म खरे निघाले, आणि या क्षेत्रात अर्धे म्हणजे चांगलं समजायचं. त्रुटी म्हणजे झोपेत पट्टा सैल होऊन कोपराकडे घसरला की ठोके वाचता येत नाहीत आणि मग तो सिग्नल गेला म्हणून वेगळा अलार्म देतो, त्यामुळे रात्री उठून पट्टा नीट करायचं काम उरतं. दंड बारीक असलेल्या माणसाला किंवा लहान मुलाला घट्ट बसतो का ते आधी बघाच. आणि रोज चार्जिंग. ते विसरलं की बाकी सगळं शून्य.

गादीखालच्या सेन्सरबद्दल फार लिहायला नको. अंगावर काही घालायला लागत नाही हा एकच फायदा, ज्या मुलांना पट्टा अजिबात सहन होत नाही त्यांच्या आईवडिलांना मी समजू शकते. पण जाड गादी, शेजारी झोपलेला दुसरा माणूस, किंवा फिटमध्ये माणूस पलंगाच्या कडेला सरकला तर काम संपलं. एकटा सेन्सर म्हणून त्याच्यावर भरवसा ठेवू नका, सोबत कॅमेरा किंवा साधा बेबी मॉनिटर ठेवा. खरं तर फिट सुरू होतानाचा तो आवाज बेबी मॉनिटरवर ऐकून मी यंत्राच्या आधी पोचलेली आहे.

फुकट ॲपमध्ये ओपनसीझरडिटेक्टर हे नाव घेण्यासारखं. ओपन सोर्स आहे, गार्मिनच्या काही घड्याळांबरोबर चालतं, अँड्रॉइड फोन लागतो. मूळ पद्धत एकदम साधी, सेकंदाला ३ ते ८ वेळा होणारी हालचाल पुरेशी जोरात आणि पुरेसा वेळ टिकली की आधी वॉर्निंग, मग अलार्म. ते लोक स्वतःच सांगतात की हे मान्यताप्राप्त वैद्यकीय उपकरण नाही. ज्यांना सेटिंग्ज करायची सवय आहे, घरात कुणी जरा टेक्निकल आहे, त्यांनी जरूर करून बघावं, आणि ज्यांना फोनचं सेटिंग बदलायचं म्हटलं तरी टेन्शन येतं त्यांनी याच्या वाटेला जाऊ नये. ॲपल वॉचबद्दल पण लोक गैरसमज करून घेतात, पडल्याचं ओळखतं म्हणजे फिटही ओळखतं असं नाही, झोपलेला माणूस पडतच नाही, फिटसाठी वेगळं ॲपच लागतं.

फोनवर चालणाऱ्या कुठल्याही यंत्राबद्दल एक कळकळीची सूचना, बॅटरी सेव्हर. रात्री दोन-अडीचला फोन स्वतःच शहाणपणा करून मागे चालणारं ॲप बंद करतो आणि सकाळी तुम्हाला कळतं की रात्रभर काहीच चालू नव्हतं. त्या ॲपला बॅटरीच्या बंधनातून मोकळं करा, डू नॉट डिस्टर्बमध्ये त्याला परवानगी द्या, फोन चार्जिंगला लावूनच ठेवा, आणि आठवड्यातून एकदा हात जोरात हलवून खोटी फिट करून बघा की अलार्म खरंच शेवटच्या माणसापर्यंत पोचतो का. आमच्याकडे ब्लूटूथ तुटल्याचं ॲप लगेच सांगत नव्हतं, हे अशाच टेस्टमध्ये कळलं.

आता जे यातलं काहीच पकडत नाही ते. शून्यात बघत राहणाऱ्या छोट्या फिट्स, बोलता बोलता हरवणं, ओठ चावल्यासारखे हलवणं, कपडे चाचपडणं, यात ना झटके असतात ना नेहमी ठोक्यांचा मोठा फरक, त्यामुळे पट्ट्याला काही दिसत नाही. ज्यांच्या मुलांना फक्त अशाच फिट्स येतात त्यांनी पट्ट्यावर पैसे घालू नयेत, निदान आत्ता तरी. याचा दुसरा परिणाम असा की पट्ट्याचा रिपोर्ट स्वच्छ आला म्हणजे फिट्स थांबल्या असं धरून गोळ्यांत स्वतःहून बदल करायचा नाही. अर्थात आपली डायरीही काही पक्की नसते. जर्मनीत २००७ मध्ये हॉस्पिटलमधल्या पेशंट्सवर झालेल्या अभ्यासात निम्म्याहून जास्त फिट्सची नोंदच पेशंटने केली नव्हती, आणि झोपेतल्या तर ८५ टक्क्यांच्या वर सुटल्या होत्या. माणसाला आठवतच नाही तर तो लिहिणार काय. या बाबतीत पट्ट्याचा आम्हाला खरा उपयोग झाला, डॉक्टरांसमोर "मला तर काही झालं नाही" असं भाऊ म्हणायचा तिथे आता तारीख, वेळ, किती सेकंद हे समोर असतं आणि बोलणं नेमकं होतं.

आणि आता भविष्य सांगणारी यंत्रं. फिट यायच्या आधी कळलं पाहिजे हे प्रत्येक घराचं स्वप्न आहे, माझंही. यातला सगळ्यात मोठा खरा प्रयोग मेलबर्नला झाला, मार्क कुक यांच्या टीमने २०१३ मध्ये लॅन्सेट न्यूरॉलॉजीत छापला. १५ जणांच्या कवटीच्या आत मेंदूच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रोड बसवले, छातीत एक यंत्र, आणि हातात एक छोटा डबा ज्यावर दिवे लागायचे, निळा म्हणजे धोका कमी, लाल म्हणजे जास्त, मधला पांढरा. सगळ्यांच्या बाबतीत जमलं नाही, १० जणांनाच पुढे दिव्यांच्या सूचना मिळाल्या, आणि त्याआधी जमवलेल्या त्यांच्या नोंदींवरून लाल दिवा ६५ ते १०० टक्के फिट्स आधी हेरेल असा अंदाज निघाला होता. काहींना त्या बसवलेल्या यंत्राचेच गंभीर त्रास झाले हेही खरं. पण शक्य आहे हे सिद्ध झालं, आणि जिवंत माणसात, महिनोन्महिने. त्या आधी आणि नंतरही साठवलेल्या ईईजीवर ९५-९८ टक्के अचूक म्हणणारे शोधनिबंध ढीगभर येतात, ते वाचून हुरळू नका, साठवलेल्या तुकड्यांवर पास होणं आणि रात्रंदिवस चालत्या मेंदूवर पास होणं यात अभ्यासिकेतली परीक्षा आणि रस्त्यावरची गाडी एवढा फरक आहे.

मला यात जास्त विश्वासार्ह वाटतं ते फिट्सच्या चक्रांवरचं काम, म्हणजे ठरावीक दिवसांनी धोका वाढतो का ते बघणं. फिट्स आवरण्यासाठी डोक्यात बसवलेल्या न्यूरोपेस यंत्रातून (याला एफडीएची मंजुरी २०१३ ची) वर्षानुवर्षांची नोंद मिळाली, आणि २०१८ मध्ये ३७ जणांच्या नोंदींवरून दिसलं की मेंदूतली फिटकडे झुकणारी हालचाल अनेक दिवसांच्या चक्रात वरखाली होते, बऱ्याच जणांत २० ते ३० दिवसांचं, आणि बायकांप्रमाणे पुरुषांतही. २०२१ मध्ये याच धर्तीवर १५७ जणांच्या माहितीत एक दिवस आधीचा अंदाज ६६ टक्के लोकांत, आणि तीन दिवस आधीचा ३९ टक्के लोकांत नशिबापेक्षा बरा निघाला. नीट वाचा, नशिबापेक्षा बरा, अचूक नाही. हवामानखात्यासारखं म्हणता येईल पण त्यातही आपल्या गल्लीत पाऊस किती वाजता पडेल ते कुणी सांगत नाही.

म्हणून फक्त मनगटाचे ठोके आणि झोप बघून "आज फिट येणार" असं सांगणाऱ्या ॲपला मी आत्ता पैसे देणार नाही. त्याचं कारण फक्त अचूकपणा नाही. समजा सकाळी ॲपने धोका जास्त दाखवला, तर भावाने करायचं काय? पोहायला जायचं नाही, शिडीवर चढायचं नाही, रात्री एकटं झोपायचं नाही, गोळी चुकवायची नाही, हे तर तो रोजच पाळतो. वर दिवसभराची धास्ती. उलट धोका कमी असं दाखवलं आणि तो निर्धास्त झाला तर ते जास्त वाईट. ज्यांच्याकडे डॉक्टर म्हणतात की धोक्याच्या दिवशी अमुक जादा गोळी घ्या, त्यांच्यासाठी अंदाजाला अर्थ आहे, आणि तसं होण्यासाठी कातडीखाली कानामागे बसवायच्या छोट्या ईईजी पट्टीवर जे काम चालू आहे त्याकडे माझं खरंच लक्ष आहे, कवटी न उघडता महिनोन्महिने ईईजी मिळणं ही मोठी गोष्ट आहे.

आणि घेताना कंपनीला हे विचाराच, की सबस्क्रिप्शन थांबलं किंवा तुमचा सर्व्हर बंद पडला तर अलार्म वाजेल का. मेलबर्नचा तो प्रयोग चालवणाऱ्या न्यूरोव्हिस्टा कंपनीचे पैसे संपले आणि लोकांच्या अंगातली यंत्रं काढावी लागली, ज्यांना ती मनापासून हवी होती त्यांचीसुद्धा. एका बाईंनी ते राहू द्यावं म्हणून खूप प्रयत्न केले, तरी शेवटी काढावंच लागलं. आपल्या मनगटावरच्या पट्ट्याचं ऑपरेशन करावं लागणार नाही, पण इंटरनेट आणि कंपनीच्या सर्व्हरवर टांगलेला अलार्म आणि शेजारच्या खोलीतल्या डब्याशी थेट बोलणारा अलार्म यात मी दुसराच घेईन, दोन फीचर कमी असले तरी.